धारचं पाणी, देवासचं पाणी

मांडूच्या दक्षिण टोकाला रूपमतीच्या मंडपात उभं राहिलं की माळवा पायाशी संपतो. तिथून विंध्याचा कडा खाली उतरतो आणि निमाड लागतो. कापूस, मिरची, केळी, पपई. हवा स्वच्छ असली तर दूरवर नर्मदेची रेघसुद्धा. वरचा माळवा आणि खालचा निमाड, दोन्ही धार जिल्ह्यातच. उलट दिशेला इंदूर ओलांडून आग्रा रस्त्याला लागलं की देवास येतं. आधी चामुंडेची टेकडी दिसते, मग गाव.

मराठी माणसाला ही दोन्ही नावं घरची आहेत. दोन्हीकडे पवारांची संस्थानं. धारच्या किल्ल्यात दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला, तर देवासात एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्यं नांदली. आजही तिथल्या जुन्या वाड्यांतून मराठी ऐकू येते. पण या दोन जिल्ह्यांकडे मी गेली काही वर्षं पाहतो आहे तो पाण्याच्या अंगानं. देवासला प्यायला पाणी उरलं नव्हतं. धारच्या काठावरच्या गावांत पाणी घरात शिरलं आणि परत गेलंच नाही. पावलोपावली पाणी अशी ज्या माळव्याची ख्याती, त्याच्या आसपासच ही दोन्ही टोकं आहेत.

आणि एक नट आहे. धारच्या लोकांसाठी त्यानं एकदा उघड बाजू घेतली आणि त्याची किंमत मोजली. देवासनं जे काम आधी करून दाखवलं, त्याच जातीचं काम त्यानं पुढं महाराष्ट्रात उभं केलं. पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर आला तेव्हा तो आठ वर्षांचा होता.

१९७३ साली काका नासिर हुसेन यांनी ‘यादों की बारात’ काढला. ताटातूट होणाऱ्या तीन भावांपैकी सगळ्यात धाकट्याचं लहानपण आमिर खाननं केलं. पुढच्या वर्षी वडिलांच्या, ताहिर हुसेन यांच्या ‘मदहोश’मध्ये तो दिसला आणि तिथं त्याचं बालकलाकाराचं खातं बंद झालं. घर सिनेमाचं होतं, पण वडिलांचं निर्मितीचं गणित नेहमी जुळायचं नाही. मुलगा टेनिस खेळत होता आणि चांगला खेळत होता.

बालकलाकाराला दोन गोष्टी फार लवकर शिकाव्या लागतात. दुसऱ्यानं लिहिलेलं वाक्य आपलं म्हणून बोलायचं, आणि दिग्दर्शक ‘कट’ म्हणाला की थांबायचं. कार्यकर्त्याचं नेमकं उलट असतं. वाक्य त्याचं स्वतःचं असावं लागतं, आणि कट म्हणणारं कुणी नसतं. म्हणून लहानपणी पडद्यावर आलेली मुलं मोठेपणी चळवळीत फारशी दिसत नाहीत, यात मला नवल वाटत नाही. जी दिसतात त्यांच्या आयुष्यात मध्ये कुठंतरी एखादा माणूस भेटलेला असतो.

इथं तो माणूस डॉ. श्रीराम लागू आहेत असं म्हणायचा मला मोह होतो. शाळेच्या वयातच आमिरनं मित्राच्या, आदित्य भट्टाचार्यच्या ‘पॅरानोइया’ नावाच्या चाळीस मिनिटांच्या मूकपटात काम केलं. त्या पोरांच्या उद्योगाला काही हजार रुपये दिले ते डॉ. लागूंनी. साधारण त्याच सुमारास लागूंनी ‘झाकोळ’ हा मराठी चित्रपट केला. त्यात एक लहान मुलगी होती, तिचं नाव ऊर्मिला मातोंडकर. ‘कलयुग’, ‘मासूम’ करत ती मोठी झाली आणि १९९५ साली हे दोघे माजी बालकलाकार ‘रंगीला’त एकत्र आले. दोघांच्या सुरुवातीला लागूंचा हात लागला होता ही गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही.

लागूंचा उल्लेख मी त्यांच्या अभिनयासाठी करत नाही. पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा थोडं मानधन मिळावं म्हणून महाराष्ट्रात सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. त्यासाठी लागू, निळू फुले, तनुजा अशा मंडळींनी अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग गावोगाव केले. स्वतःचा चेहरा विकून त्यांनी दुसऱ्याच्या चुलीची सोय केली. नटानं समाजकार्य कसं करावं याचा यापेक्षा सरळ नमुना मला ठाऊक नाही. व्यासपीठावर भाषण नाही, पदाची अपेक्षा नाही. आपल्याला जे येतं ते करायचं आणि गल्ला कार्यकर्त्याच्या हाती द्यायचा. आमिरचा मोठेपणीचा पहिला चित्रपटही मराठी मुळातूनच आला. केतन मेहतांचा १९८४ चा ‘होळी’, महेश एलकुंचवारांच्या नाटकावरचा.

आता धारकडे वळतो.

नर्मदा जलविवाद लवादाचा निवाडा १९७९ चा. जमीन जाणाऱ्या कुटुंबाला जमिनीच्या बदल्यात जमीन, किमान दोन हेक्टर, आणि बुडवण्याआधी पुनर्वसन, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं. सरदार सरोवराची भिंत गुजरातेत, पण तिच्या फुगवट्यात सर्वाधिक गावं मध्य प्रदेशची. त्यांतली बरीचशी धार आणि बडवानी जिल्ह्यांतली. कुक्षी तालुक्यातलं निसरपूर हे तर बाजाराचं मोठं गाव. चिखलदा, कडमाळ, खापरखेडा, एकलवारा ही काठची गावं गाळाच्या जमिनीची, वर्षाला दोन-तीन पिकं घेणारी. आणि धरमपुरी हे आख्खं शहर.

८ मार्च २००६ रोजी नर्मदा नियंत्रण प्राधिकरणानं धरणाची उंची ११०.६४ मीटरवरून १२१.९२ मीटर करायला परवानगी दिली. या उंचीला बुडणाऱ्या हजारो कुटुंबांचं पुनर्वसन झालेलं नव्हतं. खोऱ्यातले लोक दिल्लीत जंतरमंतरवर जाऊन बसले. २९ मार्चला आंदोलनाच्या नेत्या मेधा पाटकर यांनी खोऱ्यातल्या दोन सहकाऱ्यांसह बेमुदत उपोषण सुरू केलं. तीन केंद्रीय मंत्री, त्यांत आपले पृथ्वीराज चव्हाणही होते, खोऱ्यात जाऊन आले आणि पुनर्वसन कागदावर आहे तसं जमिनीवर नाही असाच त्यांच्या पाहणीचा अर्थ निघाला.

त्या एप्रिलमध्ये आमिर जंतरमंतरवर गेला. ‘रंग दे बसंती’ जानेवारीत लागला होता आणि देशभरची तरुण मुलं त्यानं भारावलेली होती. शेजारीच भोपाळहून चालत आलेले वायुग्रस्त बसले होते. त्यांच्याकडेही तो गेला. शीतपेयाची जाहिरात करणाऱ्यानं पाण्याच्या आंदोलनात यावं का, असा प्रश्न त्याला तेव्हाच विचारला गेला. प्रश्न रास्त होता, असं माझं मत आहे. पण जंतरमंतरच्या फरशीवर बसलेल्या धार-बडवानीच्या बायकांना त्या दिवशी त्याच्या येण्याचं मोल वेगळं होतं. त्याआधीची वीस वर्षं त्यांचं म्हणणं वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर यायचं, ते एका दिवसात पहिल्या पानावर आलं.

त्याची मागणी मवाळ होती. धरण नको असं तो म्हणाला नाही. ज्यांची घरं जातात त्यांना आधी नीट वसवा, एवढंच. तेवढ्यावरही गुजरातेत वादळ उठलं. पोस्टर जाळली गेली आणि माफीची मागणी झाली. २६ मे २००६ रोजी ‘फना’ देशभर प्रदर्शित झाला, पण गुजरातच्या चित्रपटगृहांनी तो लावला नाही. आमिरनं माफी मागितली नाही. आपण जे बोललो ते सर्वोच्च न्यायालयही म्हणतं आहे, या मुद्द्यावर तो ठाम राहिला.

या प्रसंगाला मी फार महत्त्व देतो. हिंदी पडद्यावरचे बहुतेक लोक पूरग्रस्तांना मदत करतात, शाळा बांधतात, रक्तदानाला येतात. चांगलंच करतात. पण विस्थापिताच्या बाजूनं उभं राहिलं की समोर कुणीतरी असतं. सरकार असतं, शेजारचं राज्य असतं, पाणी मिळणार म्हणून आनंदलेला लाखो शेतकऱ्यांचा वर्ग असतो. अशा ठिकाणी नट सहसा जात नाही, कारण त्याचे प्रेक्षक दोन्हीकडे असतात. आमिरचेही होते. तरी तो गेला. त्या दिवशीचं वाक्य कुणी लिहून दिलेलं नव्हतं.

पुढं तो नर्मदेच्या प्रश्नात तितक्या ठामपणे पुन्हा उतरला नाही. हेही त्याच कळकळीनं लिहायला हवं. २७ ऑगस्ट २०११ ला अण्णा हजारे यांच्या उपोषणाच्या वेळी तो रामलीला मैदानावर होता. ६ मे २०१२ ला ‘सत्यमेव जयते’ सुरू झालं. रविवारी सकाळी अकराला घराघरांत स्त्रीभ्रूणहत्या, बालकांचं लैंगिक शोषण, अस्पृश्यता यांवर बोललं जाऊ लागलं. टीव्हीवर हे विषय यावेत यासाठी आपल्या वयाची लोकं आयुष्यभर धडपडली, त्यामुळे त्या कार्यक्रमाला नाकं मुरडणाऱ्यांशी माझं कधी जुळलं नाही.

आता देवास. पूर्वी या गावात आणि आसपास तलाव होते. ते भरत गेले, त्यांवर वस्ती आणि कारखाने उभे राहिले. नोटांचा छापखाना आला, उद्योग आले, माणसं वाढली आणि नलकूप खोल खोल जात राहिले. १९९० च्या उन्हाळ्यात इंदूरहून टँकरच्या वाघिणींची आगगाडी पाणी घेऊन देवासला आली. अनुपम मिश्रांनी ‘आज भी खरे हैं तालाब’मध्ये या गाडीबद्दल लिहिलं तेव्हा उत्तरेत अनेकांचे डोळे उघडले.

गावाच्या या पडझडीच्या काळातच टेकडीच्या पायथ्याशी कुमार गंधर्व राहत होते. तेही लहानपणी रंगमंचावर आलेले. मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवणारा मुलगा म्हणून त्यांचं कौतुक झालं, ‘कुमार गंधर्व’ ही पदवीही तेव्हाच मिळाली. १९४८ साली क्षयानं गाठलं म्हणून ते देवासला हवापालटाला आले. गाणं बंद होतं. अंथरुणावर पडल्या पडल्या ते माळव्यातल्या बायकांची लोकगीतं ऐकत राहिले, आणि उठले ते स्वतःचं गाणं घेऊनच. देवासनं एका बालकलाकाराला त्याचा आवाज दिला, हे या लेखात सांगितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही.

देवासच्या शेतीत बदल सुरू झाला तो २००६ च्या सुमाराला. उमाकांत उमराव तेव्हा जिल्हाधिकारी होते. त्यांनी आधी गाठलं ते मोठ्या शेतकऱ्यांना. ज्यांनी पाचपाचशे फूट खोल नलकूप घेतले होते, त्यांतले बरेच कोरडे गेले होते आणि वर बँकेचं कर्ज होतं. पाणी हा खर्च धरू नका, गुंतवणूक धरा, आणि जमिनीचा दहावा हिस्सा तळ्याला द्या, असं त्यांचं म्हणणं. टोंक कलांसारख्या गावांपासून सुरुवात झाली. तळ्याला ‘रेवासागर’ म्हणायचं, ते खोदणारा ‘भगीरथ कृषक’. दहावा हिस्सा पाण्याखाली घालायचा म्हणजे शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. पण माळव्याची काळी माती भिजली की फुगते आणि तळाच्या भेगा आपोआप बुजतात, त्यामुळे पाणी टिकतं. पूर्वी सोयाबीन काढून रान मोकळं पडायचं तिथं गहू, हरभरा उभा राहू लागला, आणि उरलेल्या नऊ हिश्श्यांनी दहाव्याची भरपाई केली. जिल्ह्यात अशी हजारो तळी झाली. पुढं राज्य सरकारनं त्याच धर्तीवर बलराम तालाब योजना आणली.

त्याच जिल्ह्याच्या बागली तालुक्यात, आदिवासी पट्ट्यात, समाज प्रगती सहयोग ही संस्था १९९० पासून पाणलोटाचं काम करते आहे. मिहिर शहा आणि त्यांचे सहकारी विद्यापीठातून उठून तिथं गेले. त्यांच्या केंद्राला नाव बाबा आमट्यांचं. मोठ्या शेतकऱ्याचं तळं आणि डोंगरउतारावरच्या भिलालाचा बांध, दोन्ही देवासात जवळजवळ आहेत.

२०१६ मध्ये आमिर, किरण राव आणि आमिरचा बालमित्र सत्यजित भटकळ यांनी पानी फाउंडेशन सुरू केलं तेव्हा महाराष्ट्रात दुष्काळानं हाहाकार होता. लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं ते त्याच वर्षी. देवासची आगगाडी सव्वीस वर्षांनी आपल्याकडे आली. वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांतल्या ११६ गावांत जलसंधारणाची पहिली ‘वॉटर कप’ स्पर्धा झाली आणि कोरेगावचं वेळू पहिलं आलं. दुसऱ्या वर्षी ३० तालुके, १,३२१ गावं. वर्ध्याच्या आर्वी तालुक्यातलं काकडदरा जिंकलं. २०१८ ला ७५ तालुके आणि माणमधलं टाकेवाडी, २०१९ ला बार्शीचं सुर्डी. साताऱ्याचे डॉ. अविनाश पोळ गावोगाव फिरून लोकांना उभं करत होते, आणि आमिर चाळिशीनंतर शिकलेल्या मराठीत ‘तुफान आलंया’मधून त्यांच्याशी बोलत होता.

या कामात मला सगळ्यात भावलं ते प्रशिक्षण. गावातून पाच माणसं जायची, त्यांत बायका हव्यातच. तिथं त्यांना हायड्रोमार्कर वापरायला शिकवत. दोन मापाच्या काठ्या आणि त्यांना जोडणारी पारदर्शक नळी, नळीत पाणी. एक जण एक काठी घेऊन उतारावर उभा राहतो, एक बाई दुसरी काठी घेऊन पुढं जाते; थोडं वर, थोडं खाली सरकते. दोन्ही काठ्यांवर पाणी एकाच आकड्यावर आलं की ते दोन बिंदू एका पातळीत. तिथं फक्कीची खूण. अशा खुणा जोडत गेलं की डोंगराला वळसा घालणारी रेघ तयार होते आणि त्या रेघेवर सलग समपातळी चर खोदायचा. चौथी शिकलेली बाई हे करते आणि इंजिनिअरला सांगते की तुमची रेघ इथं चुकली. एप्रिलच्या सात तारखेच्या मध्यरात्री, बाराचे ठोके पडताच, गावंच्या गावं कुदळी-फावडी-घमेली घेऊन माळावर जायची. गावातली भांडणं त्या पंचेचाळीस दिवसांत मिटली असं सगळीकडे झालं नाही. पण वर्षानुवर्षं एकमेकांच्या ओसरीवर न गेलेली माणसं एका चरात उतरली, हे खरं.

आक्षेपही होते. अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा यांनी सरकारच्या जलयुक्त शिवार योजनेतल्या यंत्रानं नाले उकरण्याच्या अशास्त्रीय कामावर सातत्यानं टीका केली आणि न्यायालयातही गेले. स्पर्धेच्या घाईत काही ठिकाणी माणसाच्या घामापेक्षा यंत्राचं डिझेल जास्त खर्ची पडलं. अडवलेलं पाणी शेवटी उसालाच जाणार असेल तर काय, हा प्रश्न तर जुनाच. फाउंडेशननं पुढं समृद्ध गाव स्पर्धा आणि मग शेतकरी गटांसाठी फार्मर कप आणला. पाण्याचा ताळेबंद आणि पीक हे विषय त्यात आले, म्हणजे आक्षेपांतला काही भाग त्यांनाही पटला असावा.

इथं मला एक तारीख खटकते. नोव्हेंबर २०१५ मध्ये आमिर एका समारंभात देशातल्या वाढत्या असुरक्षिततेबद्दल, घरात झालेल्या बोलण्याबद्दल जाहीरपणे बोलला. केवढा गदारोळ झाला ते सगळ्यांना आठवतं. एका कंपनीनं जाहिरातीचा करार पुढं चालवला नाही, ‘अतुल्य भारत’ मोहिमेतलं त्याचं काम संपलं. त्यानंतर काही महिन्यांतच, एप्रिल २०१६ मध्ये, वॉटर कपची पहिली कुदळ पडली, आणि राज्य सरकार, विरोधक, उद्योगपती सगळे त्याच्या मांडवात होते. पाणी अडवायला कुणाचा विरोध असणार? त्यानं विचारपूर्वक हेच निवडलं असेल तर मी त्याला दोष देणार नाही. हजारो गावांत काम झालं आहे. पण पाण्याचा सगळा प्रश्न इतका निर्विरोध नसतो. देवासचं तळं खोदताना कुणाचं नुकसान होत नाही. धारच्या गावात जमीन मागितली की कुणाला तरी ती द्यावी लागते. आपल्या समाजाला आपल्या लाडक्या नटानं पहिलं काम करावं असं वाटतं. दुसऱ्या कामाला तो गेला की आपण त्याचा सिनेमा बंद पाडतो. त्याच्या पावलांवर बोलताना हा आपला वाटाही मोजायला हवा.

ऊर्मिलानं दुसरी वाट धरली. २०१९ च्या मार्चमध्ये ती काँग्रेसमध्ये गेली, उत्तर मुंबईतून लोकसभेला उभी राहिली आणि साडेचार लाखांहून अधिक मतांनी हरली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पक्ष सोडला, २०२० च्या डिसेंबरमध्ये शिवसेनेत आली, जानेवारी २०२३ मध्ये जम्मूत भारत जोडो यात्रेत चालली. तिच्या निवडीवर मतभेद असू शकतात. पण नावानिशी, पक्षानिशी, मतपेटीसमोर उभं राहणं याला धैर्य लागतं, आणि प्रचारात तिनं अंगावर घेतलेले शब्द कुठल्याही पुरुष उमेदवाराला ऐकावे लागले नसते.

दरम्यान धारमध्ये काय झालं? जमिनीऐवजी रोख रकमेचं पॅकेज आलं, त्यातून दलाल आले आणि खोट्या खरेदीखतांचा घोटाळा झाला. उच्च न्यायालयानं नेमलेल्या न्या. झा आयोगाचा अहवाल २०१६ मध्ये आला. ८ फेब्रुवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानं ६८१ कुटुंबांना प्रत्येकी ६० लाख आणि फसवल्या गेलेल्या १,३५८ कुटुंबांना १५ लाख देण्याचा आदेश दिला, आणि सोबत ३१ जुलैपर्यंत गावं रिकामी करण्याचाही. त्या जुलैअखेर मेधाताईंचं उपोषण चिखलद्यात सुरू झालं. बाराव्या दिवशी पोलिसांनी त्यांना तिथून उचललं आणि नंतर त्यांना धारच्या तुरुंगात ठेवलं. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये धरण पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत भरलं. निसरपूरच्या लोकांनी आपल्याच घरांची दारं, वासे, कौलं काढून ट्रॅक्टरमध्ये घातली. विटासुद्धा सोडवून नेल्या, कारण नव्या वसाहतीत त्या विकत घ्याव्या लागणार होत्या. बाजारपेठ बुडाली.

फुगवट्याची पातळी मध्यंतरी नव्यानं मोजून १५,९४६ कुटुंबांना तुम्ही बुडिताबाहेर आहात असं सांगण्यात आलं होतं. सप्टेंबर २०२३ च्या मध्याला नर्मदेला पूर आला तेव्हा पाणी त्या रेषा ओलांडून कागदावर कोरड्या असलेल्या घरांत शिरलं. जून २०२४ मध्ये मेधाताई चिखलद्यात पुन्हा उपोषणाला बसल्या. पुनर्वसन पुरं होईपर्यंत पावसाळ्यात धरणाची पातळी १२२ मीटरच्या वर जाऊ देऊ नका, ही त्या वेळची मागणी होती. त्याच्या अठरा वर्षं आधी जंतरमंतरवर ज्या उंचीला विरोध होता, ती हीच.